आरोग्यविषयक माहितीची पारख : वैद्यकीय ग्रंथालयांपासून घ्यावयाचा धडा

मृगाचा पाऊस पडून ओढ्यांना गढूळ पाणी आले म्हणजे शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. चौकशी करता कोणाला ढाळ लागले आहेत, कोणाला उलट्या होत आहेत, असे कळते. अशा वेळी पालक प्रथम शेजाऱ्यांना विचारतात, मोबाइलवर आलेला मजकूर वाचतात आणि तरीही मनाचे समाधान झाले नाही म्हणजे शाळेच्या पायरीशी येऊन उभे राहतात. “गुरुजी, पोराचं पाणी बंद करा असं ह्यात लिहिलंय. खरं आहे का?” प्रश्न साधा दिसतो; परंतु त्याच्या उत्तरावर एका मुलाचा जीव अवलंबून असू शकतो. ढाळांवाटे शरीरातील पाणी व क्षार निघून जात असता वरून पाणीही तोडले, तर मूल काही तासांत गळून जाते.

शिक्षक हा वैद्य नव्हे. रोगाचे निदान करणे अथवा औषध सुचविणे हे त्याचे काम नाही. परंतु कोणतेही विधान पुढे आले असता ते कोणी केले, केव्हा केले आणि कशाच्या आधारावर केले, हे विचारणे हे मात्र निश्चितच शिक्षकाचे काम आहे. ही शिस्त जगातील वैद्यकीय ग्रंथालयांनी दीर्घकाळ पाळली आहे. तिचे स्वरूप काय व गावातील शाळेस तिचा उपयोग कसा करून घेता येईल, हे समजून घेणे हा प्रस्तुत पाठाचा उद्देश होय.

१. विधानांची नोंदवही

शाळेतील जनरल रजिस्टर प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे असते. मुलाचे नाव, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक आणि शाळा सोडल्याचा दिनांक ह्या सर्व बाबी त्यात असतात. मूल हुशार आहे की नाही, हे ती वही सांगत नाही. पण ते कोण व कोठून आले, हे ती अचूक सांगते. वैद्यकीय ग्रंथालय हे वैद्यकातील विधानांचे असेच रजिस्टर आहे.

ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय. १८३६ साली लष्कराच्या मुख्य शल्यवैद्यांच्या कचेरीतील लहानशा पुस्तकसंग्रहातून त्याचा उगम झाला. १८६५ पासून जॉन शॉ बिलिंग्ज ह्या लष्करी डॉक्टरांनी त्याची सूत्रे हाती घेतली. केवळ पुस्तके जमवून भागत नाही, देशोदेशींच्या नियतकालिकांत कोणत्या रोगावर कोणी काय लिहिले ह्याची सूची हवी, हे त्यांनी ओळखले. १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची निघू लागली. १९५६ साली कायद्याने ह्या संस्थेस राष्ट्रीय ग्रंथालयाचा दर्जा मिळाला. १९६४ साली सूची करण्याच्या कामास संगणक जोडला गेला आणि १९९७ साली ‘पबमेड’ ही तिची संगणकीय सूची जगातील कोणाही वाचकास विनामूल्य खुली झाली. आज तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

भारतातही दिल्ली येथे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या अखत्यारीत राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय आहे. त्याला हे नाव १९६६ साली मिळाले. अशी ग्रंथालये मुख्यतः डॉक्टर व संशोधक ह्यांच्यासाठी असली, तरी सामान्य माणसाच्या हाती पडणाऱ्या विश्वसनीय माहितीचा झरा शेवटी तेथूनच वाहतो.

२. बोलीचा शब्द व शास्त्राचा शब्द

एकाच विकारास कोणी जुलाब म्हणतो, कोणी ढाळ, कोणी पातळ शौच. पुस्तकात मात्र अतिसार असे छापलेले असते. विचारणाऱ्याचा शब्द एक व पुस्तकाचा शब्द दुसरा असल्यास माहिती असूनही सापडत नाही. ह्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील ग्रंथालयाने १९६० साली वैद्यकीय विषयनामांची एक ठरावीक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात आज सुमारे तीस हजार विषयनामे असून प्रत्येकाशी त्याचे पर्यायी शब्द जोडलेले आहेत. वाचकाने ‘कॅन्सर’ हा शब्द टाकला, तरी सूची त्यास ‘निओप्लाझम्स’ ह्या शास्त्रीय विषयनामाखाली आणून सोडते.

ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. गावकऱ्यांचा शब्द अशुद्ध समजून टाकून न देता त्याची शास्त्रातील शब्दाशी गाठ घालून देणे, हे ग्रंथपालाप्रमाणेच शिक्षकाचेही काम आहे.

३. मागे घेतलेल्या विधानाची नोंद

मुलाने शाळा सोडली तरी रजिस्टरातील त्याचे नाव खोडून टाकीत नाहीत. पुढे शेरा लिहितात. वैद्यकीय सूचीतही असेच घडते. १९९८ साली ‘लॅन्सेट’ ह्या इंग्लंडमधील साप्ताहिकात अँड्र्यू वेकफील्ड व त्यांचे सहकारी ह्यांचा एक लेख छापून आला. केवळ बारा मुलांच्या पाहणीवरून गोवर, गालगुंड व रुबेला ह्यांवरील एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची शंका त्यामुळे पसरली. पुढे त्या कामातील गंभीर दोष उघडकीस आले व २०१० साली त्या साप्ताहिकाने तो लेख मागे घेतला. डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही ह्या लसीमुळे स्वमग्नता वाढते असे आढळले नाही. आज पबमेडमध्ये तो जुना लेख शोधला असता तो मागे घेतल्याचा शेरा ठळकपणे दिसतो.

मोबाइलवरील मजकुरास असा शेरा कधीच लागत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांस लस द्यावयाची होती. त्या दिवसांत लसीविषयीच्या अफवांना कित्येक शिक्षकांना तोंड द्यावे लागले. ज्यास मूळ विधानाचा ठावठिकाणा सांगता येतो, त्याच्या शब्दास अशा वेळी वजन येते.

४. एका साध्या औषधाची वाटचाल

पाणी बंद करावे की द्यावे, ह्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने कसे मिळविले, हेही अशा नोंदींवरूनच दिसते. १९५३ साली कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी ह्यांनी पटकीच्या रुग्णांस तोंडावाटे मीठ-साखरेचे पाणी दिल्याचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६८ साली ढाका येथील पद्धतशीर प्रयोगांनी ह्या उपायास बळकटी आली.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लक्षावधी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकीची साथ उसळली. शिरेवाटे द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस ह्यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा ह्यांच्या पुड्या करून त्यांचे पाणी रुग्णांस पाजण्याची व्यवस्था केली. रुग्णाचे नातेवाईकच ते पाजू लागले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्या उपचाराखालील रुग्णांत शेकडा ३.६ वर आले. हा वृत्तांत १९७३ साली प्रसिद्ध झाला. २०२२ साली डॉ. महालनोबिस निवर्तले व २०२३ साली त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

ह्या कथेत दिनांकाचे महत्त्वही दिसून येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ह्या मिश्रणातील मीठ व ग्लुकोज ह्यांचे प्रमाण कमी केले. आजच्या प्रमाणित पुडीत २०.५ ग्रॅम मिश्रण असते व ते एक लिटर पाण्यात विरघळवावयाचे असते. जुन्या पुस्तकातील प्रमाण त्या काळी योग्यच होते. परंतु ते आजचे नव्हे. शिवाय नाव सारखे असले म्हणजे वस्तू तीच असते असेही नाही. साखर अधिक असलेल्या काही पेयांच्या वेष्टनांवर ‘ओआरएस’ ही अक्षरे छापली जात असत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात अशा पेयांवर ती अक्षरे वापरण्यास मनाई केली.

५. सामान्य वाचकाची सोय

संशोधनाचे लेख सामान्य माणसास समजणे कठीण असते. त्यातच एकट्यादुकट्या लेखावरून उपचार ठरविणे धोक्याचेही असते. सूचीत नाव आले म्हणजे विधान सिद्ध झाले, असे नव्हे. ही अडचण ओळखून अमेरिकेतील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९८ साली ‘मेडलाइनप्लस’ ही लोकांसाठी सोप्या भाषेतील माहितीची सेवा सुरू केली. ती विनामूल्य असून तीत जाहिराती नसतात. मुख्य मजकूर इंग्रजी व स्पॅनिश भाषांत असला, तरी हिंदीसह अन्य भाषांतील काही पत्रकेही तेथे मिळतात. मुंबईत १९९७ साली डॉ. अनिरुद्ध मालपाणी व डॉ. अंजली मालपाणी ह्यांनी खास रुग्णांसाठी आरोग्यविषयक ग्रंथालय उघडले होते, हेही येथे नमूद करावयास हवे. मराठी वाचकास विश्वकोशातील वैद्यकीय नोंदी संगणकावर वाचता येतात. नोंदीखाली लेखकाचे नाव असते. मात्र ती केव्हा लिहिली गेली, हे वाचकाने पाहून घ्यावे.

अशा ग्रंथालयांतील ग्रंथपाल “हे औषध घ्या” असे कधीही सांगत नाही. तो विश्वसनीय मजकूर काढून देतो, तो कसा वाचावा हे दाखवितो आणि निर्णयासाठी डॉक्टरांकडे जाण्यास सांगतो. शिक्षकाची मर्यादाही हीच होय.

६. वर्गातील उपयोग

इयत्ता सहावी व सातवीच्या वर्गांस हा विषय दोन तासिकांत शिकविता येईल.

पहिल्या तासिकेस मुलांनी घरी ऐकलेली अथवा मोबाइलवर पाहिलेली आरोग्यविषयक विधाने फळ्यावर लिहावीत. कोणत्याही मुलाच्या घरच्या समजुतीची थट्टा होऊ देऊ नये. नंतर प्रत्येक विधानापुढे पुढील चार रकाने आखावेत :

(१) हे कोणी सांगितले? त्यास त्या विषयाचे ज्ञान आहे काय?
(२) केव्हा सांगितले? त्यानंतर त्यात काही बदल झाला काय?
(३) कशाच्या आधारावर सांगितले? किती माणसांवर पाहून?
(४) सांगणाऱ्यास काही विकावयाचे आहे काय?

बहुतेक रकाने रिकामे राहतील. ते रिकामे राहणे हाच ह्या तासिकेचा मुख्य धडा आहे.

दुसऱ्या तासिकेस आरोग्य उपकेंद्रातील आरोग्यसेविका किंवा आशाताई ह्यांना वर्गात बोलवावे. त्यांच्याकडील पुडी स्वच्छ पाण्यात विरघळवून दाखवावी. पुडी उपलब्ध नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट भरलेले सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालतात, हे मुलांनी मोजून करावे. मीठ जास्त पडल्यास अपाय होतो, हे बजावून सांगावे. शौचावाटे रक्त पडणे, डोळे खोल जाणे, पाणी पिता न येणे किंवा मूल ग्लानीत जाणे ह्यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरी वेळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, अथवा १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, हे मुलांकडून पाठ करून घ्यावे.

स्वाध्याय : मुलांनी एका वहीत ‘आरोग्याची नोंदवही’ सुरू करावी. तीत प्रत्येक माहितीपुढे सांगणाराचे नाव, दिनांक व आधार लिहावा. पुढे माहिती बदलल्यास जुनी नोंद खोडू नये. शेजारी शेरा लिहावा.

पायरीशी उभ्या असलेल्या त्या पालकास मात्र एवढ्या विवेचनाची गरज नसते. त्यास शिक्षकाने स्वच्छ शब्दांत सांगावे, “पाणी बंद करू नका. पुडीचं पाणी घोट घोट पाजत राहा आणि आताच दवाखान्यात न्या.” मग हे कोणी, केव्हा व कशावरून ठरविले असे कोणी विचारलेच, तर बनगावच्या छावणीची हकीकत शिक्षकास सांगता आली पाहिजे.