कागदावरचे नियतकालिक पडद्यावर येते तेव्हा



मालीश म्हटले की आपल्याला तेलाची वाटी आणि तालमीतले पहिलवान आठवतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मात्र मालीश हा रीतसर शिकून व परवाना घेऊन करण्याचा व्यवसाय आहे. तेथील मालीश-उपचारकांची राष्ट्रीय संघटना १९४३ साली शिकागो येथे स्थापन झाली. १९९० मध्ये तिने संशोधनासाठी एक प्रतिष्ठान उभारले.

अशा व्यवसायाला स्वतःचे नियतकालिक लागतेच. कोणत्या दुखण्यावर मालीश उपयोगी पडते, कोणत्या रुग्णाला ती देऊ नये, हे त्यातून कळते. छापील अंक टपालाने वर्गणीदाराच्या घरी जातो, पण इतरांना तो मिळणे कठीण असते. म्हणून या प्रतिष्ठानाने २००८ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ थेराप्युटिक मसाज अँड बॉडीवर्क’ सुरू केले तेव्हा ते इंटरनेटवरच काढले आणि सर्वांना विनामूल्य खुले ठेवले.

याचा फायदा कोणाला? जपानमध्ये कित्येक शतके अंध व्यक्ती मालीश करून सन्मानाने पोट भरत आल्या आहेत. भारतातही काही अंध बांधव हे काम करतात. ज्यांचे हात इतके जाणते, त्यांना छापील अंक मात्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली असली की ते स्वतः वाचू शकतात. ‘एनव्हीडीए’ ही अशी मोफत प्रणाली एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली बनवायला घेतली.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. छापील पानाचा नुसता फोटो काढून ठेवला, तर संगणकाच्या दृष्टीने ते चित्रच असते. त्यातला शब्द शोधता येत नाही आणि तो वाचूनही दाखवता येत नाही. मराठीत आणखी एक अडचण आहे. जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर दिसतो देवनागरी, पण संगणकाला तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ वाटतो. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूरच खऱ्या अर्थाने सर्वांसाठी खुला होतो.

पालक आणि विश्वस्त मंडळींनीही याचा विचार करावा. शाळेचे जुने अंक संगणकावर घ्यायचे ठरले, तर फोटोवर थांबू नये. श्रम जास्त पडतील, पण वाचकही वाढतील.

करून पाहा : संगणकावर एखादी मराठी पीडीएफ उघडा. त्यात ‘शाळा’ हा शब्द शोधा. सापडला का? नसल्यास कारण लिहा.