वाळविलेल्या मांसाचे प्रकार, त्यांची चव व त्यांची परीक्षा

एका दिवाळींत आमचा भाचा पुण्याहून आला, तेव्हां त्यानें चार रंगीत पुड्या ओट्यावर मांडल्या. आंत वाळविलेल्या मांसाच्या पट्ट्या होत्या. "मामा, ह्याला जर्की म्हणतात. शहरांत पोरं व्यायामानंतर खातात," असें त्यानें सांगितलें. त्या वेळीं आमच्या शेतावर सारा जन्म राबलेल्या एक वृद्ध आजी ओट्याच्या कडेस बसल्या होत्या. त्यांनीं एक तुकडा उरल्यासुरल्या दातांनीं बराच वेळ चघळला आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, ह्या तर चान्या हायत्या. पण ह्यांत गूळ कशापायी घातलाय?"

भाचा हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. ज्या पदार्थाचें नांवदेखील आमच्या वाड्यांतून कोणी उच्चारीत नसे, तोच पदार्थ परदेशी नांव धारण करून, चांदीच्या वर्खासारख्या पुडींत बसून, आमच्याच ओट्यावर आला होता. त्या दिवसापासून ह्या विषयाची जी चौकशी केली, जे प्रयोग केले व जी एक चूक केली, तें सर्व वाचकांपुढें ठेवीत आहों. शेळ्या बाळगणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा उपयोग व्हावा.

प्रथम चान्यांविषयीं. चानी म्हणजे मांसाची लांब, पातळ पट्टी. ती दोरीवर अगर छपरावर कडक उन्हांत वाळवितात, तुकडे करून गाडग्यांत भरून ठेवितात आणि पुढें गरज पडेल तशी निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणांत शिजवून खातात. उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील लेखक शाहू पाटोळे ह्यांनीं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' ह्या २०१५ सालच्या पुस्तकांत मराठवाड्यांतील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची सविस्तर हकीकत दिली आहे. त्याचें इंग्रजी भाषांतर २०२४ सालीं निघालें. आमचा माढें तालुका त्या जिल्ह्याच्या शेजारचाच, तेव्हां हा पदार्थ आम्हांस दूरचा म्हणतां येणार नाहीं.

हें मांस कोठून येई, तें आपणां जमीनदार मंडळींस चांगलें ठाऊक आहे. दावणीचा बैल मेला म्हणजे तो ओढून नेण्याचें काम महारवाड्याकडे असे. आम्हीं महसूल खात्याच्या दप्तरांत वतनांचे जुने कागद पुष्कळ हाताळले. ज्या कनिष्ठ गांवकामगार वतनांशीं असलीं कामें निगडित होतीं, तीं १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं. त्याच्या कितीतरी आधीं, १९२७ च्या मार्च महिन्यांत, महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं मेलेल्या जनावराचें मांस सोडण्याचा उपदेश केला व पुष्कळ कुटुंबांनीं तें निश्चयानें सोडलें. आजींच्या सासरींही तें सोडलें होतें. पुढें १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या कामावर त्यांनीं ज्या चान्या भाकरीबरोबर नेल्या, त्या विकत घेतलेल्या बोकडाच्या मटणाच्या होत्या, हें त्या आजही आवर्जून सांगतात. "मेलेल्याचं न्हवं," हे शब्द त्या दोनदां उच्चारतात. आम्हीं एकदांच विचारलें होतें.

आणि गंमत अशी कीं, बाजारांतून सुकट व बोंबील आणतांना आमच्या घरांस कधीं संकोच वाटला नाहीं. समुद्रकांठचा मासा वाळला तर तो जिन्नस, आणि गांवांतील मांस वाळलें तर ती विटाळाची गोष्ट! वाळविण्याची विद्या दोहोंकडे एकच आहे.

कायद्याचें एक कलम येथेंच सांगून टाकतों. महाराष्ट्रांत गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्यानें बंदी होती. १९९५ सालच्या दुरुस्तीस २०१५ सालीं राष्ट्रपतींची संमति मिळाल्यापासून बैल व वळू ह्यांच्या कत्तलीसही बंदी आहे. म्हणून पुढें जें लिहिलें आहे तें शेळी, मेंढी व कोंबडी ह्यांच्या मांसासंबंधीं समजावें.

आतां चवीकडे वळूं. जगांत जेथें जेथें उन्ह, थंडी अगर धूर मुबलक आहे, तेथें तेथें लोकांनीं मांस वाळविलें आहे. 'जर्की' हा शब्द दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या केचुआ भाषेंतील 'चार्की' ह्या शब्दावरून आला. दक्षिण आफ्रिकेंत 'बिल्टोंग' करितात. त्यास मीठ, शिरका, काळी मिरी व भरडलेले धने लावितात. धन्यांचा वास मांसास इतका शोभतो कीं, आपल्याकडे ही युक्ति घरोघरीं कशी पोंचली नाहीं ह्याचें आश्चर्य वाटतें. तुर्कस्तानांत 'पास्तिर्मा' म्हणून जें वाळलेलें मांस मिळतें, त्याच्यावर मेथीचें पीठ, लसूण व लाल तिखट ह्यांचा जाड लेप असतो. नेपाळांत 'सुकुटी' चुलीवरच्या धुरांत वाळते. तामिळ मुलुखांत 'उप्पुकंडम' हा तर चान्यांचा सख्खा भाऊच. बोकडाच्या मटणास मीठ, हळद व तिखट लावून, दोऱ्यांत ओवून उन्हांत टांगतात व पुढें तेलांत तळतात.

ह्या सर्वांत आमच्या सोलापूरकर जिभेस अतिशय जवळचा प्रकार नायजेरियांतील हौसा लोकांचा 'किलिशी' होय. ते लोक मांसाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या अर्धवट वाळवितात, त्यांना भुईमुगाच्या दाण्यांचा व तिखट मसाल्याचा लेप देतात, पुन्हां वाळवितात व शेवटीं विस्तवावर भाजतात. म्हणजे आपली शेंगांची चटणीच मांसावर थापली असें समजा. आम्हीं लसूण व तिखट कुटून केलेली शेंगाचटणी पाण्यांत सैल करून थोड्या पट्ट्यांस लाविली. घरांतील मुलांनीं त्याच पट्ट्या प्रथम संपविल्या. मात्र दाण्यांच्या तेलास लवकर खवट वास लागतो, म्हणून हा प्रकार आठवड्याच्या आंत संपवावा.

भाच्यानें आणलेल्या चार पुड्यांची परीक्षा आम्हीं कारकुनी शिस्तीनें केली. कंपन्यांचीं नांवें देत नाहीं, कारण एकेका पुडीवरून कंपनीचा निकाल लावणें न्यायाचें नाहीं. पहिली बोकडाच्या मांसाची, काळ्या मिरीची. हींत मांसाचा स्वाद शाबूत होता, तंतू लांब सुटत होते व चघळतांना रस येत होता. दुसरी कोंबडीची, धुराच्या स्वादाची. परंतु पुडीवरील घटकांत 'धुराचा स्वाद' असें स्वतंत्र लिहिलेलें होतें, म्हणजे तें मांस धुरावर लटकलें नव्हतें, धूर बाटलींतून आला होता. चुलीजवळ वाढलेल्या माणसास हा फरक पहिल्याच घांसांत कळतो. तिसरी मध-मिरचीची, हिच्याविषयींच आजींनीं गुळाचा प्रश्न काढला. चौथी 'पेरी-पेरी' नांवाची, म्हणजे पोर्तुगीजांच्या आफ्रिकेंतील वसाहतींतून जगभर गेलेल्या मिरचीच्या मसाल्याची. तिखट बरें, पण आंबटपणा तिखटावर स्वार झालेला.

पुडी विकत घेणाऱ्यानें पुढची बाजू न पाहतां मागची पाहावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें छापलेली असते. आमच्या मध-मिरचीच्या पुडींत मांसाच्या मागोमाग साखर होती. प्रथिनांचा आंकडा मिरीच्या पुडीहून पुष्कळ उणा होता. साखर वजन वाढविते व मांसापेक्षां स्वस्त पडते, हें लक्षांत आलें म्हणजे गोड चवीचें कारण निराळें सांगावयास नको. मीठही पाहावें, रक्तदाबाच्या माणसानें हा जिन्नस तोंडीं लावण्यापुरताच घ्यावा. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे. त्याखालचा चौदा आंकडी परवाना क्रमांक पुडीवर नसेल, तर ती दुकानदारास परत द्यावी.

दराचा हिशेब असा. समजा ४० ग्रॅमची पुडी २४० रुपयांस मिळाली. म्हणजे किलोस ६००० रुपये झाले. ऐकून छाती दडपते. परंतु ज्यांनीं बेदाणा केला आहे त्यांना हा आंकडा लबाडीचा वाटणार नाहीं. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा उतरतो. निर्भेळ मांसांतही सुमारें तीन-चतुर्थांश पाणीच असतें. आमच्या दोन किलो हाडाविरहित, चरबी काढलेल्या मटणाचे वाळल्यावर ६२० ग्रॅम भरले. मटण किलोस १००० रुपये धरलें, तर वाळल्या किलोस नुसत्या मांसाचेच सुमारें ३२२५ रुपये पडले. उरलेल्या रकमेंत मजुरी, वीज, पुडी, दुकानदार व नफा. तेव्हां पुडी महाग असली तरी अगदींच लूट नव्हे; आणि ज्याच्या घरीं काळी उस्मानाबादी शेळी दोन-दोन करडें देते, त्यानें बोकड केवळ जिवंत वजनावर दलालास द्यावा कीं नाहीं, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. विक्रीसाठीं मात्र परवाना, स्वच्छ जागा व तपासणी ह्यांवांचून पाऊल टाकूं नये.

आतां आमची चूक. पुड्या पाहून उत्साह आला व आखाडांत घरीं बोकड पडला, तेव्हां उरलेलें मटण वाळविण्याचा घाट घातला. आजींना विचारावयास हवें होतें, विचारलें नाहीं. बोटभर जाड तुकडे, चरबी तशीच, आणि हवा पावसाळी. वरून तुकडे सुकल्यासारखे दिसले, आंत ओलेच राहिले. तिसऱ्या दिवशीं वास आला. वास येण्यापूर्वीं घरांतील एकानें एक तुकडा भाजून खाल्ला होता. त्यास दोन दिवस ओकाऱ्या व जुलाब झाले. तो एक म्हणजे प्रस्तुत लेखकच. आजींना कळलें तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, "आखाडात कुणी चान्या घालतं व्हय?"

दुसरा प्रयोग माघाच्या अखेरीस, त्यांच्या देखरेखीखालीं केला. त्यांच्या रीतींत आम्हीं आजच्या शास्त्राची एकच भर घातली, ती अशी: मांस वाळण्यापूर्वींच आंतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस, व कोंबडीचें असल्यास ७४ अंश, इतकें तापलें पाहिजे. नुसत्या उन्हानें किंवा मंद उष्णतेनें पाणी उडतें, पण रोगजंतु मरतातच असें नाहीं. उलट कोरडें होत गेलेल्या मांसांत ते उष्णतेस अधिक दाद देत नाहींत. अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत १९९५ सालीं हरणाच्या मांसाच्या घरगुती जर्कींतून लोकांस जंतुबाधा झाली होती. म्हणून उन्हावर सर्वस्वीं विसंबूं नये.

मांडीचें निबर मांस घ्यावें. चरबी व पापुद्रे सुरीनें खरडून काढावे, कारण चरबी वाळत नाहीं, खवट होते. मांस शीतकपाटांत अर्धवट गोठवून घेतलें तर पाव इंच जाडीच्या सारख्या पट्ट्या पडतात. तंतूंच्या दिशेनें कापल्यास पट्टी चिवट व टिकाऊ, आडवी कापल्यास दातांस सोपी. आजींचा आग्रह उभ्या कापाचा, आमच्या दातांचा आडव्याचा. मग मीठ, हळद, तिखट, लसूण व भरडलेले धने चोळून रात्रभर थंड जागीं ठेवावें. सकाळीं पट्ट्या वाफेवर धराव्या. स्वयंपाकाचा उष्णतामापक बाजारांत मिळतो, त्याचें टोक जाड पट्टींत खुपसून आंकडा पाहावा. नंतर लागलीच वाळत घालाव्या.

वाळविण्यास बेदाण्याच्या शेडीचेंच तत्त्व: वारा भरपूर, धूळ नाहीं, माशी नाहीं. आम्हीं लांकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनीं बारीक जाळी ठोकली व पट्ट्या एकमेकींस न चिकटतील अशा आंत लाविल्या. माघ-फाल्गुनांत आमच्या भागांतील हवा इतकी कोरडी असते कीं, पातळ पट्ट्या लवकर सुकतात. रात्रीं चौकट घरांत घ्यावी. ज्यांच्याकडे विजेचें वाळवणयंत्र आहे त्यांनीं तें ५५ ते ६० अंशांवर ठेवावें. आभाळ आल्यास हाच मार्ग खात्रीचा.

पट्टी थंड झाल्यावर वांकवून पाहावी. तडा गेला पाहिजे, पण दोन तुकडे पडतां कामा नयेत. नुसती वांकली तर ओल आहे; काडीसारखी मोडली तर जास्त वाळली, ती कालवणांत टाकावी. हवाबंद डब्यांत घरचा माल एक ते दोन महिने चांगला राहतो. शीतकपाटांत त्याहून अधिक. पांढरी बुरशी अगर आंबूस वास दिसतांच सर्व डबा टाकून द्यावा, वरचा तुकडा काढून खालचा वांचविण्याचा लोभ करूं नये.

एक इशारा निकराचा आहे. जें जनावर अकस्मात् मेलें, नाकातोंडांतून काळसर, न गोठणारें रक्त आलें, त्याला फाशी रोगानें मेलें असें समजून कोणीही सुरी लावूं नये. त्या रोगाचे बीजाणू वाळविण्यानें मरत नाहींत व वर्षानुवर्षें मातींत जगतात. पशुवैद्यास कळवावें, धड न फोडतां खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावें. पूर्वीं असें जनावर ज्याच्या दावणीस मरे तो धनी सुरक्षित राही व जो तें ओढून नेई त्याच्या हातावर काळपुळी उठे.

दुसऱ्या प्रयोगांतील चान्या आम्हीं निखाऱ्यावर भाजून, तेलाचें बोट लावून, ज्वारीच्या भाकरीबरोबर आजींच्या ताटांत वाढल्या. त्यांनीं एक खाल्ली, दुसरी पदरांत बांधली आणि मीठ चिमूटभर कमी पडल्याचें सांगितलें. पुढच्या माघांत तें वाढवूं.