वजीर हाती, तरी डाव हातचा जातो!

बालमित्रांनो, पटावर तुमचा राजा आणि वजीर उरलाय, समोर नुसता राजा आणि हत्ती. कोण जिंकणार? तुम्ही म्हणाल, वजीरवाला. मीसुद्धा तेच म्हणालो होतो. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आबांबरोबर खेळताना मी तासभर शह देत बसलो आणि आबांचा हत्ती काही सापडेना. शेवटी मी घाईघाईने हत्ती मारला, तर आबांच्या राजाला शह नाही आणि चालायला घरही नाही! डाव बरोबरीत. आबा हसून म्हणाले, "लेका, वजीर मिळाला म्हंजे राज्य मिळालं का?"

मला रागच आला. पण मोठमोठ्यांचीही अशीच फजिती झालेली आहे. १९७८ च्या सुमारास अमेरिकेचे ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन हाच डाव 'बेल' नावाच्या संगणकाशी खेळले. पैज शंभर डॉलरची. वजीर ब्राउन यांच्याकडे होता. नियम असा की, ५० चालींत काही मारले गेले नाही आणि प्यादेही हलले नाही, तर डाव बरोबरीत. पहिल्या खेपेस ब्राउन यांना जमले नाही. मग त्यांनी अभ्यास केला, पुन्हा बसले आणि बरोबर पन्नासाव्या चालीला जिंकले.

मग करायचे काय? हत्ती आपल्या राजाला चिकटून असतो तोवर तो सुरक्षित. त्याला राजापासून तोडायचे, म्हणजे वजिराचा एकच शह राजाला लागतो आणि हत्तीवरही पडतो. त्यासाठी आधी आपला राजा पुढे आणून काळ्याला पटाच्या कडेला रेटायचे. इथे घाई नको. मी नुसते शह देत होतो, राजा मात्र घरीच बसवला होता!

आता पट मांडा. पांढऱ्याच्या बाजूने डावीकडून उभ्या रांगा अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह. खालची आडवी ओळ १, वरची ८. पांढरा राजा क६, वजीर अ५. काळा राजा ब८, हत्ती ब७. ही मांडणी फिलिदोर या फ्रेंच खेळाडूने अठराव्या शतकात दाखवली. तो गाण्याच्या चाली बांधणाराही होता. (आपल्याकडेही शेवटाच्या डावांचा अभ्यास जुना. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचे असे पुस्तक १८१४ साली मुंबईत छापले गेले.)

गंमत अशी, की इथे चाल काळ्याची असेल तर काळा अडकला. राजा हलवला तरी हत्ती जातो, म्हणून हत्ती दूर न्यावा लागतो. पण चाल आपली असेल तर? तर चाल काळ्यावर ढकलायची. वजीर इ५, शह. राजा अ७ किंवा अ८ ला जातो. वजीर अ१, शह. राजा परत ब८. वजीर अ५. मांडणी तीच, पण चाल आता काळ्याची! (राजा अ८ ला असताना हत्ती अ७ वर मध्ये घातला, तर वजीर ह८, मात.)

समजा हत्ती ब१ ला पळाला. वजीर ड८, शह, राजा अ७. वजीर ड४, शह, राजा ब८. वजीर ह८, शह, राजा अ७. वजीर ह७, शह! आता पाहा, तिरक्या रेषेत ब१ चा हत्तीही वजिराच्या तोंडात. राजा हलणार, हत्ती जाणार.

हे मी आबांना करून दाखवले. त्यांनी पट फिरवून विचारले, "आणि मी हत्ती ह७ ला नेला असता तर?" तुम्हीही मांडून पाहा. तीन शह पुरतात. पहिला इ५ वरून द्या, शेवटचा ब१ वरून.