घरी विमान चालवण्याचा सराव : सिम्युलेटर कसा मांडायचा?

'मला पायलट व्हायचंय' असं मूल म्हणालं, की आपण आधी फीचा आकडा बघतो. त्याआधी घरी एक सिम्युलेटर मांडून पाहा. मुलाची आवड किती टिकते, ते त्यातून कळतं.

ही कल्पना जुनीच आहे. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक यांनी ऑर्गनचे भाते वापरून हलणारं विमान-यंत्र बनवलं. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यावर शिकले.

मांडणी

१. सॉफ्टवेअर : 'फ्लाइटगिअर' मोफत मिळतं. 'एक्स-प्लेन' आणि 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' विकत घ्यावे लागतात, त्यांना कॉम्प्युटरही ताकदीचा लागतो.

२. जॉयस्टिक : सुरुवातीला साधी पुरते. पायाचे पेडल नंतर घ्या.

३. खुर्ची : चाकांची नको. पेडल दाबलं की ती मागे सरकते.

४. विमान : सेसना १७२ निवडा. जेटचा मोह टाळा.

सराव

रोज वीस मिनिटं पुरेत. पहिला आठवडा फक्त सरळ उडायचं : २००० फूट उंची, फरक १०० फुटांच्या आत. मग वळणं. प्रमाणित वळणात विमान सेकंदाला ३ अंश वळतं. मग ९० अंशांना किती वेळ? ३० सेकंद. पूर्ण फेरीला? २ मिनिटं. मुलाला घड्याळ लावून तपासू द्या.

धावपट्टीचे आकडेही विचारा. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७ आहे, म्हणजे दिशा साधारण ९० आणि २७० अंश. दोन टोकांच्या आकड्यांत नेहमी १८ चाच फरक का? उत्तर मुलालाच शोधू द्या.

इथे जपा

घरच्या सिम्युलेटरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. भारतात व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं, ते वेगळंच करावं लागतं. शिवाय खुर्चीत बसून वळणाचा दाब, हेलकावा अंगाला जाणवत नाही. म्हणून मुलं काट्यांकडेच बघत बसतात. खऱ्या विमानात, हवा स्वच्छ असताना, नजर बहुतेक वेळ बाहेर हवी, कारण समोरून दुसरं विमान येत असू शकतं. उपाय सोपा आहे : स्क्रीनवरच्या काट्यांवर अधूनमधून पुठ्ठा धरा आणि क्षितिज बघून उडायला सांगा.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे आपटलं की 'रीसेट'. खऱ्या आकाशात ते बटण नसतं. त्यामुळे नियम करा : उतरताना वेग किंवा उंची बिघडली, तर हट्टाने टेकवायचं नाही. पूर्ण शक्ती द्यायची, वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. वैमानिक याला 'गो-अराउंड' म्हणतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

मुलाने असा निर्णय वेळेवर घेतला, तर त्या दिवशी विमान टेकलं नाही तरी शाबासकी द्या.