ऋतुसंधी आणि उन्हाळा

वाग्भटाचार्यांनी ‘अष्टांगहृदया’त ऋतुचर्या सांगताना ऋतुसंधीचाही विचार केला आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस म्हणजे ऋतुसंधी. या काळात जुना आहारविहार क्रमाक्रमाने सोडून नवा क्रमानेच स्वीकारावा. एकाएकी केलेला बदल शरीरास मानवत नाही, असे आचार्यांचे सांगणे आहे. उन्हात राबणाऱ्याचे शरीर उष्णतेस सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात, हे आजचे शरीरशास्त्रही सांगते. या अवधीत घाम लवकर सुटू लागतो व घामावाटे जाणारे मीठ घटते.

परंतु हे चौदा दिवस मोजावयाचे कोठून? ग्रंथात ग्रीष्म ज्येष्ठ-आषाढाचा. इकडे २०२३ चा फेब्रुवारी, म्हणजे माघ-फाल्गुनच, दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात १९०१ पासूनच्या भारतातील नोंदींत तोवरचा सर्वांत उष्ण ठरला. तेव्हा पंचांगापेक्षा अंगणातील उन्हाकडे पाहूनच संधी धरावयास हवी. पहिला तडाखा बसताच मजुरांचे काम थोड्या तासांनी सुरू करून हळूहळू वाढवावे.

हयगयीचे फळ आपल्या बडोद्याच्या शेजारी दिसले आहे. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावली. पुढे २०१३ मध्ये त्या शहराने पूर्वसूचना, पाणीवाटप व वैद्यकीय सज्जता यांची योजना आखली.

आहाराविषयी मात्र एक पेच आहे. चरकसंहिता ग्रीष्मात मधुर, शीत व द्रव पदार्थ घ्यावयास आणि खारट, आंबट, तिखट टाळावयास सांगते. आपल्या चैत्रगौरीचे पन्हे तर कैरीचे. त्यात गुळाबरोबर मिठाची चिमूटही पडते! घाम गाळणाऱ्यांपुरते तरी, आमच्या मते, लोकाचाराचे पारडे जड आहे. गोडाच्या जोडीला मीठ असले की आतडी पाणी अधिक वेगाने शोषून घेतात. जलसंजीवनीचे तत्त्वही हेच. (मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.) देवळाच्या पाणपोईवर साध्या पाण्याशेजारी पन्ह्याचा एक घडा ठेवणे आपणांस कठीण नाही, आणि त्यासाठी अक्षय्यतृतीयेची वाट पाहू नये.

उष्माघातावर मात्र पन्हे हा उपाय नव्हे. अंग तापून माणूस बरळू लागला वा शुद्ध हरपली, तर तोंडात काहीही न ओतता त्यास सावलीत न्यावे, अंगभर गार पाणी ओतून वारा घालावा व त्याच वेळी दवाखान्यात नेण्यासाठी वाहन बोलवावे.