लक्ष कुठं असतं गं तुझं?

अगं, उतरायचं अंबरनाथला आणि पोहोचलीस बदलापूरला, म्हणून एवढं काय ओशाळायचं? "पुढील स्टेशन अंबरनाथ" ही घोषणा कानावर पडली असेलच. तरी तू आईला म्हणालीस, "झालीच नाही!" आईला ती थाप वाटली, मला नाही.

कानावर पडणं वेगळं, कळणं वेगळं. 1999 सालचा सायमन्स आणि चॅब्रिस यांचा हार्वर्डमधला प्रयोग बघ. पांढऱ्या शर्टवाले चेंडू किती वेळा टाकतात ते व्हिडिओत मोजायचं. मध्येच गोरिलाच्या वेशातली बाई येऊन छाती बडवून जाते. मोजण्यात गुंतलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! मन ठिकाणावर नसेल तर डोळे-कान असून नसल्यासारखे, हा विचार तर आपल्या बृहदारण्यक उपनिषदाइतका जुना.

म्हणजे लक्ष असेल तरच भान, एवढं सरळ आहे का? तर नाही. 1959 मध्ये नेव्हिल मोरे यांनी लोकांना एकाच कानातलं ऐकायला लावलं. दुसऱ्या कानात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता, पण तिथं स्वतःचं नाव आलं तेव्हा तिघांतल्या एकाला ते कळलं. आणखी गंमत 2006 च्या प्रयोगात. एका डोळ्यापुढं झगमगते ठिपके ठेवून दुसऱ्या डोळ्यासमोरचं चित्र 'अदृश्य' केलं. काही दिसलं नाही म्हणणाऱ्यांचंही लक्ष त्या चित्राच्या बाजूला ओढलं जात होतं. लक्ष गेलं, भान मात्र आलंच नाही.

म्हणून सांगते, रील बघताना "मीच बघतेय" या भ्रमात राहू नकोस. लक्ष कधीच कुणीतरी पळवलेलं असतं, तुला कळतं उशिरा. आणि डोळे एखाद्या अवघड कामात पुरते गुंतले की कानही बहिरे होतात, हे प्रयोगात दिसलंय. इयरफोन काढलास म्हणजे भागलं, असं नाही.

गाडीनं उल्हासनगर सोडलं की फोन पर्समध्ये टाक आणि दाराकडं सरक. नाहीतर चढणाऱ्या बायका तुला उतरू देणार आहेत होय? आणि पूल चढायचा कितीही कंटाळा आला तरी रूळ ओलांडायचे नाहीत. मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा आपल्याला ऐकू येईलच, या भरवशावर तर मुळीच नाही.