झुडपाखालची भाकर

आजचे वाचन : १ राजे १९:१-८



कालपर्यंत आपण अठराव्या अध्यायात, कर्मेल डोंगरावर होतो. अग्नी उतरला, लोकांनी लोटांगण घातलं, दुष्काळ संपून पाऊस आला. आज पान उलटलं तर तोच एलीया रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतोय. मध्ये काय झालं? ईजबेल राणीचा एक निरोप आला, एवढंच.

हा उतारा वाचताना माझी नजर नेहमी देवदूताकडे जायची. या वेळी तिसऱ्या वचनावर अडकली. एलीया आपल्या चाकराला बैरशेबात ठेवतो आणि पुढे एकटाच जातो. दुःखात माणूस आधी हेच करतो, नाही का? बरोबरच्याला मागे ठेवतो. कधी आपण ठेवतो, कधी लोकच मागे राहतात.

आता देवदूत काय करतो ते क्रमाने बघा. तो बोलण्याआधी स्पर्श करतो. मग उठून खायला सांगतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी तयार आहे. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो! आपण असतो तर म्हटलं असतं, अरे बाबा, एवढा चमत्कार झाला, आता तरी ऊठ. देवदूत तसं म्हणत नाही. त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हाही रागावत नाही, वाट तुला झेपणारी नाही म्हणून खा, एवढंच सांगतो. उपदेश नाही, विश्वास कुठे गेला असा प्रश्न नाही. देव त्याच्याशी बोलतो ते पुढे, होरेबात, चाळीस दिवसांनी.

हे मला माझ्या धाकट्या बहिणीने शिकवलं. ती बॉस्टनजवळ राहते. तिच्या मुलाला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. मुलांमध्ये जो जास्त आढळतो त्या प्रकाराचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. पांढऱ्या पेशी खाली गेल्या की साधा तापसुद्धा धोक्याचा, म्हणून शाळा बंद, वाढदिवस बंद, पाहुणे बंद. मी इथून रोज व्हिडिओ कॉल करायचो आणि रोज एक वचन वाचून दाखवायचो. मला वाटायचं, मी मोठी सेवा करतोय. एक दिवस ती म्हणाली, "दादा, आज वचन नको. मी जेवले का, एवढंच विचार. तीन आठवड्यांत कुणी विचारलं नाही." मी गप्प झालो. खरं सांगायचं तर आधी रागच आला, लाज नंतर वाटली.

त्या उन्हाळ्यात ते चौघेही मेन राज्यातल्या कॅस्को गावी, सिबेगो तळ्याकाठच्या 'कॅम्प सनशाईन'ला गेले. हे शिबिर १९८४ पासून चालू आहे. जिवावर बेतणारा आजार असलेली मुलं तिथे येतात, पण एकटी नाही, आईवडील आणि भावंडांसकट. कुटुंबाकडून पैसे घेत नाहीत. डॉक्टर आवारातच असतात, आणि बाकीची बरीच कामं स्वयंसेवक करतात. (पैसा उभा करायच्या यांच्या तऱ्हाही न्याऱ्या. २००६ साली बॉस्टनच्या मैदानात ३०,१२८ कोरलेल्या भोपळ्यांत एकाच वेळी दिवे लावून त्यांनी जागतिक विक्रम केला होता.)

मी विचारलं, "तिथे प्रार्थना वगैरे असते का गं?" ती म्हणाली, "दादा, तिथे कुणीतरी माझं ताट वाढून आणलं. पाच दिवस मी गॅससमोर उभी राहिले नाही. पहिल्या रात्री दहा तास झोपले." मुलांना स्वयंसेवक खेळायला घेऊन जात आणि आईबाप एका खोलीत गोल करून बसत. तिथे औषधांची नावं समजावून सांगावी लागत नव्हती. स्टेरॉइडने मूल रात्री दोन वाजता खायला मागतं, म्हटलं की समोरचा मान डोलावून म्हणे, आमचं तर तीन वाजता. आणि सगळे हसत. घरी ती हे कुणाला सांगू शकत नव्हती, कारण ऐकणारा आधीच रडवेला व्हायचा.

भाचीचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. अकरा वर्षांची मुलगी. भाऊ आजारी पडला तशी ती शहाणी झाली, स्वतःचा डबा भरू लागली. आम्ही तिचं कौतुक करायचो, मीही. शिबिरात भावंडांचा गट होता. तिथे एका मुलाने सांगितलं, की त्याला आजारी बहिणीचा राग येतो. परतीच्या वाटेवर गाडीत मागच्या सीटवरून ही आईला म्हणाली, "मला पण कधीकधी वाटायचं, कॅन्सर मला व्हायला हवा होता, म्हणजे तू माझ्याजवळ बसली असतीस." बहिणीने गाडी कडेला घेतली.

एलीयाचं गाऱ्हाणं याच अध्यायात पुढे दोनदा येतं : मी एकटाच उरलोय. देव त्याला शेवटी सांगतो की सात हजार माणसं अजून आहेत. पण हे आहे अठराव्या वचनात. भाकर आधी, झोप आधी, आकडा नंतर. भाचीला तिचे सात हजार त्या गटात भेटले, आणि तेही दोन दिवस पोटभर खेळून झाल्यावर.

अशी शिबिरं आता बऱ्याच ठिकाणी आहेत. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याने १९८८ साली कनेटिकटमधल्या अॅशफर्ड इथे 'होल इन द वॉल गँग कॅम्प' उघडला. नाव त्याच्या सिनेमातल्या दरोडेखोरांच्या टोळीवरून! आवार जुन्या काउबॉय गावासारखं, आणि दवाखान्याचं नाव 'ओके कोराल', जिथे बंदुका चालल्या त्या प्रसिद्ध जागेचं. मला आधी हे पोरकट वाटलं. मग लक्षात आलं, ज्या मुलाला दवाखान्याचं दार दिसलं तरी पोटात गोळा येतो, त्याच्यासाठी नाव बदलणं हीच अर्धी दया आहे. तिथेही फी नाही. आईवडिलांपैकी कुणाला कर्करोग असलेल्या मुलांसाठी 'केसेम' नावाचं शिबिर आहे, ते २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलं. शास्त्राभ्यासकांना गंमत वाटेल : आजच्या हिब्रूत केसेम म्हणजे जादू, पण अनुवाद १८:१० मध्ये हाच शब्द मना केलेल्या शकुनविद्येसाठी आहे. असो.

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो. भाकर खाल्ल्यावर एलीयाचं रान संपलं नाही. ईजबेल मेली नाही. उलट चाळीस दिवस आणि चाळीस रात्रींची चाल पुढे होती. बहीण रविवारी घरी आली आणि मंगळवारी पुन्हा इंजेक्शन. उपचार त्यानंतर आणखी दहा महिने चालले. भाचा आज बरा आहे, तपासण्या चालू आहेत. त्याच शिबिरात त्याच्याबरोबर होडीत बसणारा एक मुलगा मात्र पुढच्या वसंतात गेला. मी एकासाठी देवाला धन्यवाद देतो तेव्हा दुसऱ्याच्या आईचं तोंड डोळ्यांसमोर येतं. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि या आठ वचनांतही ते दिलेलं नाही.

शिबिराच्या शेवटी कुटुंबं छोट्या होड्या रंगवतात आणि दिवा लावून तळ्यात सोडतात. आपल्याकडे नदीत दिवे सोडतात तसंच. भाचीने तिच्या होडीवर काय लिहिलं ते कुणाला दाखवलं नाही. मूल गमावलेल्या कुटुंबांसाठीही तिथे वेगळे दिवस ठेवतात. त्या मुलाचे आईवडील गेले होते. तिथून आल्यावर त्याच्या आईने माझ्या बहिणीला फोन केला, आणि दोघी अर्धा तास त्याच्या खोड्यांबद्दल बोलल्या.

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास गावाकडून आलेली कुटुंबं फुटपाथवर दिवस काढताना आपण पाहतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कर्करोगाच्या रुग्णांना नातलगांसह राहता येतं. आमच्या मंडळीतल्या चार बहिणी महिन्यातून दोनदा परळला डबे घेऊन जातात. मागच्या वेळी मीही गेलो. पिशवीत पत्रिका घेतल्या होत्या. तिथे चटईवर बसलेल्या एका आजीला विचारलं, "जेवलात का?" ती म्हणाली, "नातवानं खाल्लंय." मी पुन्हा विचारलं, "तुम्ही?" मग तिने पदर सावरला आणि डब्यासाठी हात पुढे केला. पत्रिका पिशवीतच राहिल्या.

उद्याचे वाचन : १ राजे १९:९-१८